रायझन ७००० आणि डीडीआर५: गेमिंगसाठी सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) म्हटलं की अनेकांना अजून जुनीच रीत आठवते. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा, मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) चढवा, थोडं व्होल्टेज द्या, विंडोज उघडलं की काम फत्ते. आजच्या प्रोसेसरवर ही रीत बहुतेक वेळा तोट्यात नेते. एएमडीचा रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर तापमान, करंट आणि व्होल्टेज सतत बघत स्वतःचा वेग स्वतःच ठरवतो आणि कारखान्यातून येतानाच मर्यादेच्या जवळ धावत असतो. सगळ्या कोअरना एकच वेग बांधून दिला, तर एक-दोन कोअरना मिळणारा सर्वोच्च बूस्ट (तात्पुरता वाढीव वेग) हातचा जातो, आणि गेमना नेमका तोच लागतो.

म्हणून इथे आधी रॅम हाती घ्यायची, कारण गेममधला मोठा फायदा तिथे आहे. मग प्रोसेसर, आणि तोही व्होल्टेज कमी करत करत. प्रत्येक टप्प्यावर चाचणी. या कामातला बहुतेक वेळ चाचणीतच जातो आणि तो वाचवायला जाऊ नये.

पुढचे आकडे रायझन ५ ७६०० किंवा ७६००एक्स, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० स्टिक अशा संचाचे आहेत. बोर्ड ए६२० चिपसेटचा असेल तर रॅमचा भाग चालेल, पण प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग तिथे मिळत नाही.

आधी बघा, गरज आहे का

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९७ ते ९९ टक्के दिसत असेल, तर अडथळा कार्डाचा आहे. अशा वेळी प्रोसेसर आणि रॅम कितीही ताणली तरी फ्रेम वाढणार नाहीत. खात्री करायची सोपी रीत म्हणजे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणायचं. फ्रेम झपकन वाढल्या तर मर्यादा कार्डाची. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर मर्यादा प्रोसेसर-रॅमची, आणि पुढे वाचण्यात अर्थ आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम १०८०पीवर कमी सेटिंग ठेवून खेळणाऱ्यांना फरक नक्की जाणवतो. ४केवर सगळं अल्ट्रा ठेवून खेळणाऱ्यांना जवळजवळ नाही.

सरासरी फ्रेमपेक्षा १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमवरून काढलेला वेग) हा आकडा बघा. रॅम सुधारली की सरासरी थोडी वाढते, पण मधेमधे बसणारे झटके कमी होतात, आणि खेळताना हाताला जाणवतं ते हेच. हा आकडा कॅपफ्रेमएक्सने मोफत मोजता येतो. मोजताना एकच गेम, एकच जागा, एकच मार्ग ठेवा आणि किमान तीनदा मोजा. शॅडो ऑफ द टूम्ब रेडरमधला बेंचमार्क या कामाला फार उपयोगी आहे, कारण तो प्रोसेसरचे आकडे ग्राफिक्स कार्डापासून वेगळे दाखवतो.

हात घालण्याआधी

महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. हे नेहमीच्या सूचनेसारखं वाटेल, पण कच्ची, म्हणजे अस्थिर, रॅम दरवेळी संगणक बंद पाडतेच असं नाही. एखादा बिट चुकतो, तो तसाच ड्राइव्हवर लिहिला जातो, आणि महिन्याभराने कळतं की फोटो उघडत नाहीत किंवा विंडोजच्या फाइल बिघडल्यात. डीडीआर५च्या चिपमध्ये स्वतःच्या चुका दुरुस्त करायची सोय असते खरी, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसतच नाही.

विंडोज ११ मध्ये बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस अपडेटनंतर टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) रीसेट झालं की ती की मागितली जाते, आणि त्या वेळी शोधाशोध करून उपयोग नसतो.

मग बायोस अपडेट करा. याचं कारण नुसता वेग नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचं समोर आलं. रॅमचं प्रोफाइल (रॅममध्येच साठवलेली वेगाची तयार सेटिंग) चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरचं) गरजेपेक्षा बरंच जास्त देत होते. त्यानंतर एएमडीने नव्या एजेसा फर्मवेअरमधून (बायोसमधला एएमडीचा मूळ भाग) या व्होल्टेजला १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली. बोर्ड त्या काळातला असेल आणि बायोस कधीच बदलला नसेल, तर इथपर्यंत येऊन पुढचं काही करू नका, आधी अपडेट. फाइल एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर टाका आणि संगणक यूपीएसवर असू द्या. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर त्यातून सुटका आहे, नसेल तर सर्व्हिस सेंटर.

कूलरचं बघा. ७६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ मूळ सेटिंगपुरता ठीक आहे. ओव्हरक्लॉकसाठी चार हीटपाइप आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो. पाण्याच्या कूलरची या प्रोसेसरला गरज नाही. ७६००एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत गेला म्हणून घाबरू नका, त्याची रचनाच तशी आहे. गेममध्ये मात्र तो त्याच्या बराच खाली राहायला हवा. राहत नसेल तर पेस्ट किंवा कूलरची बसवणूक तपासा.

शेवटी मूळ अवस्थेतले आकडे लिहून ठेवा: सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवून आलेला मल्टिकोअर स्कोअर, सिंगल कोअर स्कोअर, एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसलेलं कमाल तापमान, गेमची सरासरी आणि १ टक्का लो. हे हाताशी नसेल तर नंतरचा कुठलाच बदल फायद्याचा की तोट्याचा ते कळणार नाही.

रॅम: प्रोफाइल, पण डोळे उघडे ठेवून

दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. चार स्टिक लावू नका. रायझन ७०००ला एएमडी दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० देते, चार स्टिकवर तोच ३६०० होतो. चार स्टिक ६०००वर चालवायचा हट्ट हे न चालणाऱ्या संगणकांचं फार नेहमीचं कारण आहे. ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन, ६४ हवी असेल तर ३२च्या दोन घ्या. दोन्ही एकाच पाकिटातल्या हव्यात. दुकानातून एक-एक सुटी घेतली तर वरचं लेबल तेच असूनही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

वेगाच्या आकड्याइतकाच सीएलचा (डेटा यायला लागणाऱ्या चक्रांचा) आकडा महत्त्वाचा. नॅनोसेकंदातला विलंब काढायचा तर सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, आणि ५२०० सीएल४० म्हणजे १५ पेक्षा थोडं जास्त. किमतीत फार फरक नसेल तर सीएल३०चा संच घ्या. त्यात बहुतेक वेळा एसके हायनिक्सच्या चिप असतात आणि पुढचं काम त्याने सोपं होतं. चिप कुणाची आहे ते सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर दिसतं.

आता बायोसमध्ये एक्सपो (एएमडीसाठीचं रॅमचं तयार प्रोफाइल) चालू करा. रॅम इंटेलच्या एक्सएमपी प्रोफाइलची असेल तरी बहुतेक बोर्ड ते वाचतात. सेव्ह करून रीस्टार्ट केलं की पडदा काळा राहील. हे मेमरी ट्रेनिंग आहे, म्हणजे बोर्ड नव्या वेगाशी रॅम जुळवून घेतोय. पहिल्यांदा त्याला काही मिनिटं लागतात, कधी दहाच्याही पुढे जातात. बोर्डावर डीरॅमचा दिवा पिवळा किंवा लाल दिसेल. इथे धीर सोडून पॉवर बटण दाबणारे खूप जण आहेत, आणि मग दरवेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका.

आधी मेमटेस्ट८६ची फेरी (पुढे 'रॅमची चाचणी'मध्ये दिलीय) पास होऊ द्या. मग विंडोज उघडून झेनटायमिंग्ज (रॅमचे चालू आकडे दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि तीन आकडे बघा. एमक्लॉक (रॅमचा, ६०००च्या निम्मा) ३०००, यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा) ३०००, एफक्लॉक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा) २०००. यूक्लॉक १५०० दिसला तर बोर्डाने मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर टाकलाय आणि निम्मा फायदा तिथेच गेला. बायोसमध्ये यूक्लॉक डिव्ह१ मोड शोधून तो यूक्लॉक बरोबर एमक्लॉक असा करा. रायझन ५००० वरून आलेल्यांना एफक्लॉकही रॅमच्या बरोबरीने हवा असं वाटतं. इथे तसं नाही, २००० बरोबर आहे.

त्याच खिडकीत एसओसी व्होल्टेज दिसतं. एक्सपो लावल्यावर बरेच बोर्ड ते १.२५ ते १.३० च्या मध्ये नेऊन ठेवतात. ६००० साठी एवढं बहुतेक प्रोसेसरना लागत नाही. बायोसमध्ये ऑटो काढून हाताने १.२० लिहा. चाचणीत चूक आली तर १.२२, मग १.२५. १.३० ही हद्द समजा, मुक्काम नव्हे. रॅमचं स्वतःचं व्होल्टेज, म्हणजे व्हीडीडी आणि व्हीडीडीक्यू, प्रोफाइलमध्ये १.३५ किंवा १.४० असतं. तेवढंच राहू द्या, १.४३ च्या पुढे जायचं या वेगाला काही कारण नाही.

६४०० का नको? कारण तिथे मेमरी कंट्रोलरला ३२०० वर चालावं लागतं, आणि सगळे प्रोसेसर ते पेलत नाहीत. पेलणाऱ्यांनाही एसओसी व्होल्टेज हद्दीपर्यंत न्यावं लागतं. ६०००वर राहून टायमिंग घट्ट करणं जास्त शहाणपणाचं आहे, आणि मिळकतही चांगली.

रॅम: दोन टायमिंग, जिथे खरी कमाई आहे

रॅमच्या पेशीतला चार्ज गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. भरणं चालू असताना तो भाग वाचता-लिहिता येत नाही. किती वेळाने भरायचं ते टीरेफी सांगतं, भरायला किती वेळ द्यायचा ते टीआरएफसी सांगतं. १६ गिगाबिट चिपसाठी मानक आकडे ६०००वर साधारण असे पडतात: टीरेफी ११७००, टीआरएफसी ८८५. म्हणजे साडेसात टक्के वेळ रॅम नुसती भरण्यात गुंतलेली. टीरेफी ५०००० आणि टीआरएफसी ५०० केलं की हाच वाटा १ टक्क्यावर येतो. सीएल ३० वरून २८ करण्यापेक्षा हा बदल गेममध्ये कितीतरी जास्त कामाचा, आणि व्होल्टेज तसूभरही वाढवावं लागत नाही.

पण दोन्ही आकडे एकदम बदलू नका. आधी फक्त टीआरएफसी: ८८५ वरून ७००, मग ६००, मग ५००. हायनिक्सच्या चिप ५०० वर बहुधा तक्रार करत नाहीत. सॅमसंग आणि मायक्रॉनच्या चिपना जास्त वेळ लागतो, त्यांना ५०० वर ओढायला जाऊ नका. ७०० वर थांबून चाचणी घ्या आणि तिथून जमेल तेवढंच खाली या. हा आकडा फार खाली गेला तर संगणक सुरूच होत नाही, त्यामुळे निदान चूक लपून तरी राहत नाही.

टीरेफीचं तसं नाही. तो वाढवला की संगणक सुरू होतो, चाचणीही पास होते, आणि गडबड रॅम तापल्यावर होते, कारण गरम पेशीतला चार्ज लवकर गळतो. आधी ३२००० करा, चाचणी घ्या, मग ५००००. कमाल आकडा ६५५३५ आहे, पण ५०००० नंतर मिळणारा फायदा नगण्य आणि उष्णतेची भीती जास्त. डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो तो दाखवतं. सगळा भार टाकूनही तो ५० ते ५५ अंशांच्या आत राहायला हवा.

बाकीची टायमिंग प्रोफाइलमध्ये असतील तशी सोडा. एफक्लॉक मात्र ३३च्या पायरीने वाढवून बघता येतो: २०३३, २०६७, २१००. बरेच प्रोसेसर २१०० घेतात, काही २१३३. इथला धोका असा की एफक्लॉक थोडा जास्त झाला तर संगणक लगेच कोसळत नाही. चुका दुरुस्त करत तो चालत राहतो आणि त्यात वेळ जातो. आकडा वाढवूनही बेंचमार्क खाली आला, आवाजात करकर आली किंवा यूएसबी डिव्हाइस मधूनच तुटायला लागलं, तर एक पायरी खाली या.

हे सगळं चालू असताना बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर बंद ठेवा. ते चालू असलं की बोर्ड जुनं ट्रेनिंग वापरतो आणि नव्या आकड्यांची खरी परीक्षा होत नाही. शेवटी, सगळं पक्कं झाल्यावर, पॉवर डाउन एनेबलसोबत ते चालू करा आणि पुन्हा एकदा तपासा. नुसतं कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू आणि पॉवर डाउन बंद ठेवल्यावर काही बोर्डांवर ब्लू स्क्रीन येतात.

रॅमची चाचणी

पहिली फेरी विंडोजच्या बाहेर. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून चालवा. ती पास झाल्याशिवाय विंडोज उघडूच नका, म्हणजे ठळक चुका असलेली रॅम ड्राइव्हवर काही लिहिणार नाही. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५, एक्स्ट्रीम प्रोफाइलसह, निदान तीन चक्रं. ३२ जीबीला यात तासाहून जास्त वेळ जातो. त्यानंतर वाय-क्रंचरच्या स्ट्रेस टेस्टमधली व्हीटी३ तासभर, कारण ती रॅमसोबत मेमरी कंट्रोलरलाही घाम फोडते.

एक चूक म्हणजे नापास. "तीन तासांत एकच आली" याला अर्थ नाही. शेवटी बदललेला आकडा मागे घ्या आणि पुन्हा चालवा.

आता शेवटची फेरी, जी बहुतेक जण गाळतात. वरच्या चाचण्या चालताना ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड दोनशे-अडीचशे वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतं आणि ती थेट वर, रॅमवर जाते. रात्रभर टेस्टमेम पास झालेली रॅम गेममध्ये वीस मिनिटांत कोसळते ती यामुळेच. म्हणून कार्डावर फरमार्क (कार्ड तापवणारी चाचणी) किंवा एखादा जड गेम चालू ठेवून अर्धा तास कॅबिनेट तापू द्या, आणि तशातच टेस्टमेम सुरू करा. काचेचं झाकण लावलेलं असू द्या. रॅम ५५ च्या वर गेली तर आधी कॅबिनेटच्या पंख्यांकडे बघा, नाही जमलं तर टीरेफी ३२००० वर आणा.

प्रोसेसर: कर्व्ह ऑप्टिमायझर

रॅम पक्की झाली, बायोस प्रोफाइल सेव्ह केलं, की मगच इकडे वळा. दोन्ही एकदम बदलले आणि संगणक बंद पडला तर दोष कुणाचा हे सांगता येत नाही.

बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (पीबीओ, प्रोसेसरच्या बूस्टच्या मर्यादा बदलायची सोय) अ‍ॅडव्हान्स्डवर ठेवा. आत पीपीटी (एकूण विजेची मर्यादा), टीडीसी, ईडीसी (करंटच्या मर्यादा) असे आकडे दिसतील. ७६००ची मूळ पीपीटी ८८ वॅट, ७६००एक्सची १४२. इथे सगळे आकडे चढवायचा मोह होतो, पण गेम ८८ वॅटसुद्धा क्वचितच वापरतात. पीपीटी वाढवल्याने सिनेबेंचचा स्कोअर वाढेल, गेम नाही. व्हिडिओ रेंडरिंगही करत असाल तर ७६००ला ११० द्या, नाहीतर हात लावू नका. एएम५ बोर्डांवर हा आकडा बऱ्याचदा मिलिवॅटमध्ये भरायचा असतो, म्हणजे ११० ऐवजी ११००००. तापमानाची मर्यादा ९५ वरून ८५ करा. चांगल्या कूलरवर याने गेममधलं काही कमी होत नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणजे प्रत्येक वेगाला प्रोसेसर जे व्होल्टेज मागतो, ते ठरावीक प्रमाणात खाली आणणं. एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उरलेली जागा प्रोसेसर स्वतःच जास्त वेग धरून भरून काढतो. चिन्ह निगेटिव्ह आहे हे दोनदा बघा. काही बोर्डांवर चिन्ह आणि आकडा वेगवेगळ्या ओळीत असतात, आणि चिन्ह पॉझिटिव्ह राहिलं तर व्होल्टेज वाढेल.

सुरुवात ऑल कोअर, निगेटिव्ह १० ने करा. चाचणी. मग १५, मग २०. बहुतेक ७६०० १५ पर्यंत कुरकुर करत नाहीत. त्यापुढे कोअरनुसार वेगवेगळे आकडे द्यावे लागतात. रायझन मास्टरमध्ये तारा लावलेले कोअर सगळ्यात चांगले, पण त्यांनाच सगळ्यात कमी ऑफसेट (हा निगेटिव्ह आकडा) सोसतो. ते आधीच कमी व्होल्टेजवर वर धावत असतात, मग काढायला उरत नाही. तारेवाल्यांना १० आणि बाकीच्यांना २५ अशी विभागणी अगदी नेहमीची आहे.

बूस्ट ओव्हरराइड (कमाल वेगाची हद्द मेगाहर्ट्झमध्ये वाढवणं) शेवटी. +२०० पर्यंत जाता येतं, पण कर्व्ह पक्का झाल्यावर +१०० ने सुरू करा. वेग वाढला की तोच ऑफसेट पुन्हा कच्चा ठरू शकतो, म्हणून यानंतर कोअरची चाचणी नव्याने घ्यावी लागते. कर्व्ह आणि ओव्हरराइड मिळून गेममध्ये दोन-चार टक्के मिळतात. यापेक्षा मोठी अपेक्षा धरू नका. तापमान आणि पंख्याचा आवाज कमी होतो, तो लाभ मला तरी जास्त मोलाचा वाटतो.

कोअरची चाचणी वेगळी का

सिनेबेंच पास झालं म्हणजे कर्व्ह बरोबर आहे असं होत नाही. सगळे कोअर एकदम कामाला लागले की वेग खाली येतो, आणि कच्चा ऑफसेट उघडा पडतो तो एकटा कोअर सर्वोच्च वेगाला गेल्यावर. म्हणूनच असा संगणक तासभर बेंचमार्क सोसतो आणि ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतो.

याला कोअरसायकलर वापरा. तो प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवतो. एसएसई मोड ठेवा, एव्हीएक्स नको. एसएसईत उष्णता कमी असते, त्यामुळे कोअर कमाल वेगाला पोचतो आणि खरी परीक्षा होते. रात्रभर चालू द्या. चूक आली तर कोणत्या कोअरवर ते तो लिहून ठेवतो. त्या कोअरचा ऑफसेट ३ ते ५ ने कमी करा, २५ असेल तर २०, आणि पुन्हा एक रात्र.

दरम्यान एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअर क्लॉक आणि इफेक्टिव्ह क्लॉक शेजारी ठेवून बघा. भार पूर्ण असताना दोन्ही जवळपास सारखे हवेत. कोअर क्लॉक ५२५० आणि इफेक्टिव्ह ५१०० असं दिसलं तर प्रोसेसर व्होल्टेज अपुरं पडतंय म्हणून क्लॉक ताणतोय. पडद्यावरचा आकडा मोठा, काम कमी. ऑफसेट मागे घ्या, स्कोअर वाढेल.

बिघडलं तर काय वाचायचं

संगणक काही न सांगता रीस्टार्ट झाला तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम, आणि व्हीया-लॉगर शोधा. इव्हेंट १८ आणि कॅश हायरार्की एरर असं लिहिलं असेल तर बहुतेक कर्व्हचा दोष. खाली एपीआयसी आयडी (कोणत्या कोअरवर चूक झाली तो क्रमांक) असतो. एकाच सीसीडीच्या (कोअर असलेल्या चिपच्या) प्रोसेसरवर साधारणपणे ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा, असं मोजत जा. कोअरसायकलरने न पकडलेला कोअर पुष्कळदा इथे सापडतो.

ब्लू स्क्रीन दरवेळी वेगळ्या नावाची, गेम काही न बोलता डेस्कटॉपवर परत, झिप उघडताना सीआरसी एरर: ही रॅमची लक्षणं. स्लीपमधून उठताना किंवा नुसतं रिकामं बसलेलं असताना बंद पडणं: कर्व्ह.

पंधरा-वीस मिनिटं थांबूनही पडदा काळाच असेल तर सीमॉस रीसेट करा. पॉवर सप्लायचं बटण बंद, पॉवर बटण दाबून उरलेला करंट काढा, मग बोर्डावर सीएलआर सीमॉस लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. रीसेटनंतर सिक्युअर बूट बंद झालेलं असू शकतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय चालत नाही. गेम बिघडला समजून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी ते तपासा.

दुसरे प्रोसेसर

७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर बंद आहे आणि तापमान मर्यादा ८९ अंश. कर्व्ह ऑप्टिमायझर चालतो, तेवढाच वापरा. मोठ्या कॅशमुळे रॅमच्या टायमिंगचा त्याला फायदा कमी मिळतो, एक्सपो लावून थांबलात तरी चालेल. ९८००एक्स३डीचा मल्टिप्लायर खुला आहे, पण वर सांगितलेलाच मार्ग तिथेही बरा.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीवर आधी बायोस. जास्त व्होल्टेजच्या मागणीमुळे यातले बरेच प्रोसेसर कायमचे अस्थिर झाले. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती, बायोसमधून येणारी) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस घालून इंटेल डीफॉल्ट सेटिंगवर संगणक आधी स्थिर आहे का ते बघा. स्थिर नसेल तर ओव्हरक्लॉकचा विचार सोडा आणि वॉरंटीचा दावा करा.

वॉरंटीचं एक लक्षात असू द्या: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि एक्सपो व पीबीओ दोन्ही त्यात मोडतात.

नंतर

सगळे आकडे बायोसच्या पानांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. बोर्डात सेव्ह केलेलं प्रोफाइल पुढच्या बायोस अपडेटमध्ये पुसलं जातं किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाही. अपडेटनंतर आकडे पुन्हा भरले की टेस्टमेम आणि कोअरसायकलरची एक-एक फेरी घ्या, कारण नव्या एजेसात रॅमचं ट्रेनिंग बदललेलं असू शकतं.

खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच आतलं वाढतं. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ४६ वर थांबणारी रॅम नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली ३८-४० अंशांत, साठी ओलांडते. हिवाळ्यात बसवलेला संच असेल तर एप्रिलमध्ये धुळीच्या जाळ्या धुवा, पंख्यांचा वेग थोडा वाढवा आणि ग्राफिक्स कार्ड तापवून घ्यायची रॅम चाचणी दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा करा. चूक आली तर उन्हाळ्यापुरता टीरेफी ३२००० आणि तरीही आली तर २०००० ठेवा, बाकी काही बदलू नका.